डोकी मोजा, शेगडी बाहेर ठेवा



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय मी स्वतःच मागून घेतला आहे. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर डिसेंबरात पवना धरणाच्या काठी तंबूत एक रात्र काढायचं ठरतंय. जेवणाची यादी झाली, गाण्यांची झाली. सुरक्षिततेबद्दल मात्र अजून एकही मेसेज नाही. तो मी इथेच वाचून दाखवते.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर मी तिथेच गेले होते. रात्री पाण्यावरून गार वारा सुटला. कणसं भाजून झालेल्या शेगडीत निखारे अजून लाल होते. धूर येत नव्हता, म्हणून मीच ती शेगडी तंबूत ओढली आणि चेन लावून टाकली. थोड्या वेळानं डोकं जड झालं, एकीला मळमळायला लागलं. जागरणानं पित्त झालं असेल, असं म्हणून आम्ही आडव्या झालो.

शेगडी शोधत स्वयंपाकाच्या मावशी आल्या नसत्या, तर आज मी इथे उभी नसते. "अवं ताई, निखारा आत घिऊन निजत्यात व्हय?" असं ओरडत त्यांनी चेन उघडली आणि आम्हाला हाताला धरून उघड्यावर बसवलं. खरं तर तेव्हाच दवाखाना गाठायला हवा होता. तेवढंही आम्हाला सुचलं नाही.

बाई, अपूर्ण ज्वलन तुम्ही आम्हाला फळ्यावर शिकवलं होतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. पुढे इंजिनिअरही झाले. तरी त्या रात्री माझं शिक्षण कामी आलं नाही, मावशींचं आलं.

असं का झालं, यावर मी खूप विचार केला. हिमालयात गेले असते तर दहा वेळा विचारून पाऊल टाकलं असतं. पण पवना म्हणजे पुण्याहून दीड-दोन तास! घर जवळ म्हणून आपण तिथेही घरासारखेच वागतो. शहर जवळ असलं, तरी रात्री दोन वाजता डॉक्टर जवळ असतोच असं नाही.

म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली, शेगडी, कोळसा, गॅस, काहीही पेटतं तंबूत न्यायचं नाही. दार थोडं उघडं ठेवलं तरी नाही. थंडी वाजली तर अजून एक घोंगडी घ्या. डोकं दुखून मळमळलं तर आधी सगळ्यांनी बाहेर यायचं आणि मग डॉक्टर गाठायचा.

दुसरी, पाणी. धरणाचा काठ म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे. पाण्याखाली बुडालेली शेतं आहेत, उतार आहेत, गाळ आहे. गुडघाभर पाण्यातून पुढच्याच पावलाला तळ सुटू शकतो. तेव्हा पाण्यात उतरायचं नाही. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच. आणि ज्यानं 'घेतली' आहे, त्यानं काठाकडे फिरकायचंही नाही. नावं घेत नाही, हसणाऱ्यांना कळलं आहे.

तिसरी, साप. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश झोपेत कळतही नाही इतका कमी दुखतो. तंबूची चेन कायम बंद ठेवा, खरकटं आसपास टाकू नका, कारण त्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. बूट झटकून घाला, बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय न हलवता थेट रुग्णालय गाठायचं.

चौथी, निघण्याआधीची तयारी. कामशेत, तळेगाव किंवा लोणावळ्यातल्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे, हे आधीच फोन करून विचारून ठेवू. १०८ आणि ११२ हे क्रमांक सगळ्यांना पाठ हवेत. तंबू कुठे आहे, ते घरी कळवायचं. रेंज कुठे मिळते, ते उजेडातच बघून ठेवायचं. आणि एक गाडी व एक न प्यायलेला चालक रात्रभर तयार ठेवायचा. ऑफिसात आम्ही बॅकअपशिवाय साधा प्रोग्रॅमही चालवत नाही, इथे तर माणसं आहेत.

सर, शाळेच्या सहलीला लोहगड चढताना तुम्ही प्रत्येक दरवाजापाशी शिटी वाजवून आमची डोकी मोजायचात. आम्ही मागे उभं राहून तुमची नक्कल करायचो. या डिसेंबरात शिटी मी आणणार आहे. झोपण्याआधी आणि उठल्यावर डोकी मोजणार आहे. कोणी नक्कल केली तरी चालेल, आकडा तेवढा बरोबर आला पाहिजे.