हार्मोन्सचा ताळेबंद

(जागतिक रजोनिवृत्ती दिनानिमित्त, १८ ऑक्टोबर रोजी, आपल्या सोसायटीच्या महिला मंडळाने आयोजित केलेल्या कार्यक्रमातील भाषण)



विषय नोटीस बोर्डावर लागल्यापासून लिफ्टमध्ये दोघा-तिघांनी मला विचारलं, "काका, तुम्ही बँकेतले, हा विषय तुमच्याकडे कसा?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. पण मंडळाचं म्हणणं असं की, बायका हे आपापसात बोलतातच. ऐकायचं असतं ते घरातल्या बाकीच्यांनी. आणि दुसरं कारण असं की, मागच्या महिन्यात आपल्याच हॉलमध्ये एकाने 'नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन' म्हणून क्रीमच्या डब्या विकल्या. कागदावरची बारीक अक्षरं वाचायची सवय मला नोकरीने लावली. डबीवर वाचलं, तर आत 'वाइल्ड यामचा अर्क' एवढंच होतं.

आधी साधा हिशेब समजून घेऊ. बाईच्या शरीरात दोन मुख्य संप्रेरकं असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं. बीज सुटल्यानंतर तयार होणारं प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालतं. पंचेचाळिशीच्या आसपास काही महिन्यांत बीज सुटतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन आधी घटतं आणि इस्ट्रोजेन कधी खूप, कधी कमी, असं हेलकावे खातं. म्हणून पाळी मागेपुढे होते, रक्तस्राव जास्त होतो, अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, चिडचिड होते. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात.

आता बरेच जण 'हार्मोन बॅलन्स'चं तपासणी पॅकेज घ्यायला सांगतात. चालू खात्याची एका दिवसाची शिल्लक पाहून वर्षाची उलाढाल कळते का? या काळात संप्रेरकांची पातळी दिवसागणिक बदलते. पंचेचाळिशीनंतर वय आणि लक्षणांवरूनच डॉक्टरांना बहुतेक अंदाज येतो. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र तपासण्या केल्याच पाहिजेत.

आता 'नैसर्गिक'कडे येतो. रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात मेक्सिकोतल्या रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन तयार केलं. आपलं कोनफळ आणि करांदे ज्या कुळातले, त्याच कुळातला तो कंद. पण ती किमया प्रयोगशाळेतली. कंदातल्या डायोसजेनिनवर एकामागून एक रासायनिक प्रक्रिया कराव्या लागतात, आणि त्या करण्याची सोय माणसाच्या शरीरात नाही. त्यामुळे कंद खाऊन किंवा त्याचा अर्क चोळून प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. काही क्रीममध्ये खरं प्रोजेस्टेरॉन असतंही, पण कातडीतून ते इतकं कमी शोषलं जातं की गर्भाशयाच्या अस्तराला त्याच्या संरक्षणाची खात्री देता येत नाही.

डॉक्टर देतात ते 'मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन' वेगळं. तेही कारखान्यातच बनतं, पण त्याचा रेणू हुबेहूब शरीरातल्यासारखा असतो. गुंगी येते म्हणून ते बहुधा रात्री घ्यायला सांगतात. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे १९७५ सालापासून माहीत आहे. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन. ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांना ते सहसा लागत नाही.

"हार्मोन्सने कॅन्सर होतो ना?" असं भगिनी विचारतात. ही भीती मुख्यतः २००२ सालची. अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त बायकांवरचा एक मोठा अभ्यास तेव्हा मध्येच थांबवला गेला. त्यात इस्ट्रोजेनबरोबर कृत्रिम प्रोजेस्टिन दिलं होतं. स्तनाच्या कर्करोगाचे वाढलेले रुग्ण होते दर दहा हजार बायकांमागे वर्षाला आठ. आकडा लहान आहे, पण शून्य नाही. त्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, हेही लक्षात घ्या. पुढे फ्रान्समध्ये, मुख्यतः शिक्षिकांच्या पाहणीत, मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत हा धोका कृत्रिमपेक्षा कमी दिसला. पण ती पाहणी होती. प्रयोग करून मिळालेला पुरावा नव्हे. आज साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास जास्त असेल तर अनेकींना उपचाराचा फायदा तोट्यापेक्षा अधिक होतो. ज्यांना स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा पक्षाघात होऊन गेलाय, त्यांनी मात्र शेजारणीची गोळी पाहून आपली सुरू करू नये.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. आमच्या शाखेतल्या एका सहकारी बाईंची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. मग थोडं रक्त दिसलं. घरचे म्हणाले, "क्रीम लागू पडतंय, पाळी परत आली." बाई हिशेबाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "बंद झालेल्या खात्यात एंट्री आली, तर चौकशी नको?" दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरांकडे गेल्या. अस्तर वाढलेलं होतं, पेशी बदलू लागल्या होत्या. वेळेवर ऑपरेशन झालं, आज त्या नातवंडांत आहेत. रजोनिवृत्तीनंतर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी डॉक्टर गाठायचे. दर वेळी काही गंभीर असतंच असं नाही, पण ते ठरवायचं तपासणीने, अंदाजाने नव्हे.

बंधूंनो, शेवटचं तुमच्यासाठी. रात्री तिने पंखा वाढवला तर वाद घालू नका. "तुझं वयच तसं" हे वाक्य घरातून हद्दपार करा. दवाखान्यात सोबत जा, बाहेर बाकावर बसू नका, आत जा. संध्याकाळी दोघं मिळून आवारात फेऱ्या मारा. इस्ट्रोजेन घटलं की हाडं ठिसूळ होऊ लागतात, त्यांना चालणं, नाचणी, तीळ, दूध आणि ऊन हवं.

आणि कमिटीला एक विनंती. यापुढे हॉल कुणाला विक्रीसाठी द्यायचा असेल, तर डबीवरची बारीक अक्षरं आधी वाचून घ्या. लागला तर चष्मा माझा देतो.