कण्यांचे दान आणि पैशाचे भय

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले धम्मप्रवचन)



आज आपण दानाविषयी बोलणार आहोत. दान म्हटले की काहींचा हात आपोआप खिशावर जातो. आता पावतीपुस्तक निघणार, असे वाटते. म्हणून आधीच सांगतो, पावतीपुस्तक आज कपाटात आहे. आपल्याला बोलायचे आहे ते त्या खिशावर गेलेल्या हाताबद्दल. तो तिथे का जातो?

भीतीने जातो. आणि ही भीती आपल्या घरांत उगीच शिरलेली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावात दुसऱ्याच्या दारची शिळी भाकर खाल्ली. शहरात आले, तर गिरणीत बदली कामगार. सकाळी गेटवर जाऊन उभे राहायचे. काम मिळाले तर मिळाले, नाहीतर डबा तसाच घेऊन परत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांतल्या चुली थंडावल्या. उद्याचे काय, हा प्रश्न घराघरांत आईच्या दुधाबरोबर पाजला गेला. तेव्हा पैशाला भिणारा माणूस वाईट असतो, असे कुणी समजू नये. तो पोळलेला असतो.

पण गंमत बघा. पुढे मुले शिकली, कुणी नोकरीला लागले, कुणाचा ब्लॉक झाला. पत्र्याच्या डब्यात, डाळीखाली नोटा ठेवणारी आजी गेली आणि बँकेत खाते आले. भीती गेली का? नाही गेली. आता आपण मोबाईलवर दिवसातून चारदा शिल्लक बघतो. पूर्वी महिनाअखेरची भीती होती, आता हप्त्याची, ॲडमिशनची, कंत्राट संपण्याची आहे. याचा अर्थ एवढाच की पैसा वाढल्याने गरज भागते, पण भीती तेवढ्याने जात नाही. पैसा तिजोरीत असतो, भीती मनात असते. तिच्यावरचा उपाय मनातच करावा लागतो.

संयुत्त निकायात याविषयी फार नेमके सांगितले आहे. कंजूष माणूस उपासमारीच्या भयाने देत नाही. पण न दिल्याने ते भय सुटत नाही, तेच त्याच्या वाट्याला येते. तिथेच असेही म्हटले आहे की थोड्यातून थोडे देणाऱ्याचे दान हजारांच्या दानाच्या तोडीचे असते.

अनाथपिंडिकाची गोष्ट आपल्या मुलांनाही पाठ आहे. श्रावस्तीच्या या श्रेष्ठीने जमिनीवर सुवर्णनाणी अंथरून जेतवन विकत घेतले. पण त्याची दुसरी गोष्ट आपण फारशी सांगत नाही. अट्ठकथेत येते की पुढे त्याची परिस्थिती उतरली. दिलेली कर्जे परत आली नाहीत, पुरून ठेवलेले धन नदीच्या पुरात गेले. अंगुत्तर निकायात भगवंत त्याला विचारतात, गृहपती, तुझ्या घरी दान दिले जाते का? तो सांगतो, दिले जाते भन्ते, पण जाडेभरडे. कण्यांचा भात आणि बरोबर आंबट पेज. भगवंत त्याला समजावतात, दान भारी की साधे हा मुद्दा नाही. ते आदराने, विचारपूर्वक, स्वतःच्या हाताने दिले का, हा मुद्दा आहे.

उपासक-उपासिका हो, कण्या म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सोन्याच्या नाण्यांचा अनाथपिंडिक आपल्यापासून दूर आहे. कण्यांचा अनाथपिंडिक आपल्या चाळीतला आहे. त्याचे धन गेले, पण हात आखडला नाही. भय त्याच्यावर स्वार झाले नाही, ते यामुळेच.

आता कुणी म्हणेल, आम्ही देतोच की! भाच्याच्या लग्नाला दिले, शेजाऱ्याच्या बारशाला दिले. चांगलेच आहे. पण लग्नात आहेर लिहायला वही घेऊन एक माणूस बसलेला असतो. कुणी किती दिले ते लिहिले जाते आणि तेवढे पुढे फेडले जाते. तो व्यवहार आहे. विहाराला पंखा देतो, त्याच्या तिन्ही पात्यांवर नाव रंगवून देतो. पंखा फिरायला लागला की नाव कुणालाच वाचता येत नाही, हा भाग वेगळा! (हशा) वहीत हिशोब राहतो, तोवर मनातली भीतीही राहते. अनोळखी माणसाला दिलेले मात्र कुठल्याच वहीत लिहिले जात नाही. तो परत भेटणार नाही, फेडणार नाही. तिथे मूठ खरी उघडते. म्हणून भीती घालवायची तर सराव अनोळखी माणसापासून करावा.

आपल्याला हे कळायला हवे, कारण आपण अशाच दानावर उभे आहोत. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा पुस्तक वाचत बसायचा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला पाहिले, चौकशी केली, पुस्तके दिली. तो ना त्यांच्या नात्याचा, ना जातीचा. पुढे त्याच्या सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, सयाजीराव महाराजांकडे त्याच्या शिक्षणासाठी शब्द टाकला. तो मुलगा म्हणजे आपले बाबासाहेब. एका अनोळखी मुलाची विचारपूस, एक पुस्तक, एक शब्द. केवढे झाड झाले त्याचे!

उलट बाजूही आठवा. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांना चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले ते सत्याग्रह करून. ज्यांना पाणी नाकारले गेले, त्यांची लेकरे आपण. आपल्या दारी आलेल्या टपालवाल्याला, पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला, गटार साफ करणाऱ्या कामगाराला आपण न मागता आपल्याच पेल्यातून पाणी दिले, तर तेही दानच आहे.

आता प्रश्न येतो, आमचंच भागत नाही, द्यायचं कुठून? धम्म कुणाला घर उपाशी ठेवून दान करायला सांगत नाही. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक घरखर्चाला, दोन कामधंद्यात आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवायचा. म्हणजे शिल्लक टाकणे हा लोभ नव्हे, शहाणपण आहे. दानाचा निराळा भाग इथे सांगितलेला नाही; ते रोजच्या घरखर्चातच बसवायचे, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. कर्ज काढून दान करू नये. मुलांची फी थांबवून करू नये. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग मागितला. शंभरातले पाच. पंच्याण्णव त्यांनी घरीच ठेवायला सांगितले.

आणि पैसा गळतो कुठे? दीघजाणूला केलेल्या उपदेशात तळ्याची उपमा आहे. तळ्याचे पाणी जाण्याच्या वाटा कोणत्या? बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत. आपल्या वस्तीत घरे बुडाली ती दारूने, मटक्याने, कर्ज काढून केलेल्या लग्नांनी. अलीकडे मोबाईलवरच्या रमीने. तहानलेल्याला पाणी नि भुकेल्याला वडापाव देऊन कुणाचे घर बुडाल्याचे आम्ही ऐकले नाही.

दुसरी शंका, तो माणूस खोटा निघाला तर? निघेल कधीकधी. रोख देऊ नका, खाऊ घाला. सरकारी दवाखान्याबाहेर गावाकडून आलेले पेशंटचे नातेवाईक बसलेले असतात, त्यांना केसपेपर कुठे काढायचा ते दाखवा. रक्तदान करा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रात्रभर प्रवास करून माणसे येतात, त्यांना चहा-पाणी द्यायला उभे राहा. तिथे कुणी कुणाचे आडनाव विचारत नाही.

एक महिना करून पाहा. घरात एक डबा ठेवा. रोज घरातल्या प्रत्येकाने, लहान मुलानेही, एक रुपया टाकायचा. महिन्याने तो ओळख नसलेल्या माणसासाठीच खर्च करायचा आणि त्याची वाच्यता करायची नाही. पहिल्या दिवशी रुपया टाकताना छातीत थोडे धस्स होईल. ते होऊ द्या, त्याच्याकडे बघा. तीच ती भीती. तिसाव्या दिवशी ती किती उरली, ते ज्याचे त्यानेच पाहायचे. पुण्याची लॉटरी लागेल, दुप्पट परत मिळेल, असे आम्ही सांगणार नाही. तसे सांगणारे दुसरीकडे पुष्कळ आहेत. आम्ही एवढेच म्हणतो, गेलेल्या रुपयाने घर पडले नाही, हे हाताला कळले की मनालाही कळते.

आपल्या मुलांना आपण घर देऊ, शिक्षण देऊ. त्यांच्या ताटात आपली जुनी भीती मात्र वाढायला नको. एवढे बोलून थांबतो.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!