गावाचा वारसा : अनुदान कोणाला आणि कशासाठी?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत मी बहुधा मागच्या रांगेत बसून ऐकणाऱ्यांपैकी होतो. आज विश्वस्तांनी मला पुढे उभे केले आहे आणि विषयही त्यांनीच दिला आहे. सुवर्णमहोत्सवी निधीचा काही भाग भंडारा जिल्ह्यातील गावांना, आपला वारसा जपणाऱ्या सामुदायिक उपक्रमांसाठी अनुदान म्हणून द्यावा, असा प्रस्ताव मंडळापुढे आहे. प्रस्ताव स्तुत्य आहे. परंतु अनुदान देणे हे देणगी देण्यापेक्षा अवघड काम आहे, म्हणून निर्णय होण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्टपणे मांडण्याची अनुमती घेतो.

आपल्या समाजाला ही शिस्त नवी नाही. पेढीच्या वहीत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया, साधारण अशी स्वतंत्र खाती असतात. देवद्रव्याचा पैसा भोजनशाळेकडे वळवता येत नाही, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. अनुदान म्हणजे याच शिस्तीचे दुसरे नाव. ज्या हेतूने रक्कम दिली त्याच हेतूसाठी ती खर्च व्हावी आणि हिशेब कोणालाही दाखवता यावा. जीर्णोद्धाराचे पुण्य नवनिर्मितीच्या आठपट, हेही आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. प्रत्यक्षात मात्र नव्या शिखरासाठी बोली चढत जाते आणि जुन्या भिंतीसाठी सभेत शांतता पसरते. हे मी टीका म्हणून बोलत नाही, त्या शांततेत मीही बसलेलो आहे.

गावाच्या वारशासाठी पैसा येतच नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. जिल्हा नियोजन समिती एखाद्या यात्रास्थळाला 'क' वर्ग दर्जा देते आणि त्यातून रस्ता, सभामंडप, स्वच्छतागृहे, दिवे अशी कामे होतात. केंद्र शासनाने १९९६ साली राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन केला. नागपूरला १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र कार्यरत आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे जतन स्पष्टपणे नमूद आहे. आपल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी चालवणारी मॉईल ही अशीच एक कंपनी. अर्ज कसा करावा हे ठाऊक असलेले गाव यांतून काहीतरी मिळवते. ठाऊक नसलेले गाव बघत राहते.

या बहुतेक पैशाचा एक स्वभाव आहे. ज्याचे उद्घाटन करता येते तिकडे तो लवकर जातो. एका गावी मी स्वतः पाहिले आहे. गावाची ओळख निर्माण व्हावी म्हणून वेशीवर सिमेंटचे भव्य प्रवेशद्वार उभे राहिले, वर गावाचे नाव, खाली देणाऱ्यांची नावे. त्याच वर्षी त्या गावच्या तलावाचे पाणी सोडण्याचे दार, ज्याला आपण तुडूम म्हणतो, ते निकामी झाले होते. पाणी रात्रंदिवस वाहून गेले आणि ऐन ओंबी भरण्याच्या वेळी खालच्या बांध्यांतील धान वाळले. प्रवेशद्वाराखालून लोक ते वाळलेले धान बैलबंडीत घालून नेत होते. गावाची ओळख त्या द्वारात होती की त्या तलावात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

माझे बालपण साकोली तालुक्यातील एका खेड्यात गेले. वडिलांचे किराणा दुकान तलावाच्या पाळीपासून हाकेच्या अंतरावर होते. धान झाले की उधारी वसूल व्हायची, धान बुडाले की वही तशीच राहायची. त्यामुळे पाळीला भगदाड पडल्याची बातमी आमच्या घरातही मृत्यूच्या बातमीसारखी येत असे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांची दुकाने अशाच पाळींच्या आश्रयाने उभी राहिली, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगण्याची गरज नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून ६,८६२ माजी मालगुजारी तलाव नोंदले गेले आहेत. कागदोपत्री त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, ते नाव ऐकून बाहेरचा माणूस हसतो. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनी रानातील उताराचा अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या, बोड्या खोदल्या. तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन, अशी परंपरा सांगितली जाते. कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला नवेगावचा बांध १९९९ साली जिल्हाविभाजन होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. हे चित्र सोन्याचे होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्या पाळींवर वेठीने राबलेल्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. तरीसुद्धा पाळ कधी दुरुस्त करायची, कोणाच्या बांधीला आधी पाणी, पाणकराला किती धान द्यायचे, हे सर्व गावाला तोंडपाठ होते.

१९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. परंतु पाळ कोणाची, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवसापासून धूसर झाले. निस्तारपत्रकात गावाचे हक्क लिहिलेले राहिले, कर्तव्य मात्र कोणाचेच उरले नाही. तलावात गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, कोठे कोठे तलावाच्या पोटातच शेती सुरू झाली.

आता कोणी विचारील की गाळ काढण्याची योजना आहेच. आहे, आणि ती उपयुक्त आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ साली आली. २०२३ पासून लहान शेतकऱ्याला गाळ शेतात नेण्यासाठी अडीच एकरांच्या मर्यादेत ३७,५०० रुपयांपर्यंत अनुदान ठरवले गेले. १९८५ साली शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने या क्षेत्रात मोठे काम केले आहे. २०१८ साली बुलढाणा जिल्ह्यात तिने शंभराहून अधिक यंत्रे उतरवली होती. याचाच अर्थ, गाळासाठी आपल्या लहानशा निधीची आवश्यकता नाही. तुडूम दुरुस्त करणे, सांडव्याचे दगड पुन्हा बसवणे, पाळीवरची झाडे राखणे, पाणीवाटपाच्या पाळ्या आणि तलावाच्या प्रत्येक भागाची नावे वृद्धांकडून लिहून घेणे, ही कामे मोठ्या योजनेच्या रकान्यात सहसा बसत नाहीत. आमच्या तलावाच्या काठाला निरनिराळी सात-आठ नावे होती. परवा मी गावी गेलो तेव्हा शाळेतील मुलांना त्यांपैकी एकही सांगता आले नाही. मला स्वतःला पाच आठवली.

आता एक अवघड गोष्ट. पूर्वतयारीच्या बैठकीत आपल्या एका ज्येष्ठ श्रावकांनी विचारले, "तलावाला पैसा देणे म्हणजे मासेमारीला पैसा देणे नव्हे काय?" बैठकीत त्यावर उत्तर देता आले नाही. प्रश्न टाळण्यासारखा नाही. या तलावांवर धिवर समाजाचे पोट आहे, आणि आपला धर्म अहिंसेचा आहे.

मी त्यानंतर एका वृद्ध धिवर बांधवाकडे गेलो. त्यांनी मला वेगळीच गोष्ट सांगितली. यंत्राने तलावाचे पोट एकजात खरवडले की चिखलात दडून उन्हाळा काढणारे मासे, बेडूक, गोगलगायी सारे ट्रॅक्टरमध्ये भरले जाते. पाणवनस्पतींची मुळे जातात आणि पुढच्या वर्षी पाखरे उतरत नाहीत. गाळ काढण्याच्या पुण्यकर्मातही जीवहिंसा होते, हे मला त्या गृहस्थांनी शिकवले. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी धिवर बांधव व महिला गटांसह बेशरम उपटून तलावात स्थानिक पाणवनस्पती लावण्याचे काम करीत आले आहेत. तसे काम आपल्या जीवदया खात्याच्या व्याख्येत बसत नाही, असे मला तरी वाटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, मत्स्यबीज, जाळी, डोंगे यांसाठी ट्रस्टने रक्कम देऊ नये आणि तसे नियमावलीत उघडपणे लिहावे. त्याचबरोबर मासेमारी बंद करा अशी अटही घालू नये. ज्यांच्या पाळीवर आपण पाहुणे म्हणून जाणार, त्यांच्या पोटावर अट घालण्याचा अधिकार आपल्या दानाला मिळत नाही. ज्या दात्यांना हेही मान्य होणार नाही, त्यांच्यासाठी केवळ दस्तऐवजीकरणाचे ज्ञानखाते वेगळे ठेवता येईल. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही. माझेही समाधान पूर्ण झाले आहे असे म्हणवत नाही. पण प्रश्न वहीत लिहून पुढे जाणे हे तो प्रश्नच नाही असे मानण्यापेक्षा बरे.

दस्तऐवजाचा विषय निघाला म्हणून एक उदाहरण सांगतो. ब्रिटनमध्ये १९९४ साली हेरिटेज लॉटरी फंड स्थापन झाला. राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून लहानमोठ्या समूहांना आपला वारसा जपण्यासाठी तो अनुदान देतो. लॉटरीचा पैसा, म्हणून आपल्यातील काहींच्या भुवया उंचावतील. परंतु तेथील इन्स्टिट्यूट ऑफ जैनॉलॉजीच्या 'जैनपीडिया' या प्रकल्पाला याच निधीचे साहाय्य मिळाले, आणि ब्रिटिश लायब्ररीसारख्या संग्रहांतील जैन हस्तलिखिते आज कोणालाही संगणकावर पाहता येतात. दुसऱ्यांच्या सार्वजनिक पैशाने आपल्या पोथ्या जपल्या गेल्या. आपल्या पैशाने कोहळी-धिवरांची पाळ जपली गेली तर त्यात परकेपणा वाटण्याचे कारण काय?

आपल्याकडेही केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये 'मेरा गाँव मेरी धरोहर' हे संकेतस्थळ सुरू केले. देशातील साडेसहा लाख खेड्यांची सांस्कृतिक माहिती एकत्र करण्याचा तो प्रयत्न आहे. त्यातून अनुदान मिळत नाही, पण प्रत्येकाने आपापल्या मूळ गावाचे पान एकदा उघडून पाहावे. तेथे काय लिहिले आहे आणि काय राहून गेले आहे, ते पाहिल्यावर गावात लिहिती माणसे तयार करण्याची गरज कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.

अनुदानाच्या पद्धतीबद्दल थोडक्यात बोलतो. पहिल्या वर्षी तीन-चारच गावे घ्यावीत. अर्ज ग्रामसभेत वाचलेला असावा, पण तो टंकलिखित हवा, प्रमाण मराठीतच हवा असा आग्रह नको. झाडीबोलीत हाताने लिहिलेला अर्जही तितक्याच आदराने वाचला जावा. गावाचा वाटा श्रमदानाने चालेल. रक्कम हप्त्यांनी द्यावी आणि शेवटचा हप्ता काम झाल्यावर लगेच न देता एक पावसाळा उलटल्यावर द्यावा. मातीचे काम कसे झाले हे पावसाळाच सांगतो. आणि नामफलक नको. फलक नाही म्हटल्यावर देणगीदार कमी होतील, याची मला कल्पना आहे. पन्नास वर्षे वर्गणी गोळा करणाऱ्यांच्या घरातला मी आहे.

झाडीपट्टीतील नाटके अनुदानाची वाट न पाहता मंडईच्या आणि शंकरपटाच्या दिवसांत तिकिटावर उभी राहतात, रात्रभर चालतात आणि लोक ती शेवटपर्यंत पाहतात. ज्याची गावाला गरज आहे ते गाव स्वतः जगवते. तेव्हा आपण गावांना वारसा द्यायला निघालो आहोत, अशा आविर्भावात कोणी जाऊ नये. जेथे गावाचे हात आधीच लागलेले आहेत, पण दगड-चुन्यापुरते पैसे कमी पडताहेत, अशीच गावे शोधावी लागतील. ती कार्यालयात बसून सापडणार नाहीत.

यासाठी धानाची कापणी आटोपली की मंडईच्या दिवसांत लाखनी, साकोली आणि पवनी तालुक्यांतील काही तलाव पाहण्यास मी निघणार आहे. तरुण मंडळींपैकी ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी ट्रस्टच्या कार्यालयात नाव नोंदवावे. चप्पल घालून येऊ नका, पाळीवर काटे फार असतात.