आडनाव सांगितलं आणि दारात राहिलो

(जालन्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मुंबईच्या लोकलमधल्या गर्दीवर बोल म्हणालात. ती गर्दी मुंबईत पैदा होत नाही. ती इथं आपल्या जालना स्टेशनात, रात्री देवगिरीच्या जनरल डब्यात कोंबली जाते. मीही असाच गेलो, संडासाच्या दाराशी गोणपाट टाकून. मंठ्याकडच्या कोरडवाहू रानात दुसऱ्याचा कापूस वेचून पोट भरत नव्हतं. खोली मिळाली दिव्याला, काम दादरला.

सकाळी आठची लोकल दिव्याला येते तीच भरून. आतले दार अडवून उभे. ह्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत नाव आहे : सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरात १४ ते १६ माणसं. गावात ज्यांना आमची सावली चालत नव्हती त्यांची ढेरी इथं माझ्या पाठीला. म्हणून विद्वान म्हणतात, लोकलनं जात मोडली. घंटा मोडली! डब्यात ग्रुप असतात. रुमाल टाकून जागा धरतात, आपसात पाळीनं बसतात. तीन महिने मी एका ग्रुपजवळ उभा राहिलो. रोज थोडं हसणं-बोलणं. एक दिवस एकानं प्रेमानं विचारलं, "गाव कुठलं? आडनाव?" सांगितलं. "हं," म्हणाला. पुढं कधी 'बस जरा' आलं नाही. मी पुन्हा दारात.

आणि हेच बाबू ६ डिसेंबरला नाक मुरडतात, "त्या लोकांची गर्दी झाली." फडक्यात भाकरी बांधून चैत्यभूमीला येणारी आमची म्हातारी म्हणजे गर्दी! गणपतीला कोकणची गाडी फुटेस्तोवर भरते, तेव्हा ते चाकरमानी.

९ जून २०२५. मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं घासली, पडली. चार जण त्याच दिवशी मेले. त्यांची जात मी विचारत नाही, तो धंदा ग्रुपवाल्यांचा. रेल्वेनं जाहीर केलं, साध्या लोकललाही आपोआप लागणारी दारं बसवू. बसवा की! पण गाड्या तेवढ्याच ठेवून दार लावलंत तर दिव्याचा माणूस फलाटावर राहणार, खाडा पडणार, मुकादम दुसरा घेणार.

अन् गाडीच बंद झाली की काय होतं ते जालन्याला सांगायला नको. ८ मे २०२०, लॉकडाऊन. इथल्या लोखंडाच्या कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळानं पायी घराकडं निघाले. करमाडजवळ रुळावरच झोप लागली, पहाटे मालगाडी आली. १६ गेले.

उद्या रात्री मी देवगिरीनं परत चाललोय. ज्यांना यायचंय त्यांनी पत्ता घ्या, दिव्याला कसं चढायचं ते दाखवीन. पण आधी सांगा, इथल्या कारखान्यांच्या गेटवर काम मागायला तुमच्यातले किती जण गेले? हात वर करा.