दोन मैदानांचा एक खेळाडू



आपल्या मालेगावच्या परिसरात सुगी सरली म्हणजे रिकामे शेत हेच मुलांचे क्रीडांगण होते. सकाळी तेथे क्रिकेट चालते, उन्हे उतरली की फुटबॉल. ते पाहून वडील मंडळी आम्हांस विचारतात, "फादर, दोन डगरींवर पाय ठेवून कोणाचे भले झाले आहे?" उत्तरादाखल आज चुनी गोस्वामी यांचे चरित्र सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गोस्वामी 1938 साली बंगालमध्ये जन्मले आणि 30 एप्रिल 2020 रोजी कोलकात्यात निवर्तले. 1954 पासून 1968 पर्यंत ते मोहन बागान ह्या एकाच संघाकडून फुटबॉल खेळले. 1962 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. त्या संघात गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको, शीख जर्नेलसिंग, मुसलमान युसूफ खान अशी नाना धर्मांची माणसे एकजीव झाली होती. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियास 2-1 असे नमवून त्यांनी सुवर्णपदक आणिले.

नवल हे की, त्याच वर्षीच्या मोसमात हे गृहस्थ बंगालकडून रणजी करंडकाचे क्रिकेट खेळू लागले! एका मैदानावर देशाचे कर्णधार, दुसऱ्यावर केवळ नवशिके. 1966 साली इंदूर येथे मध्य व पूर्व विभागांच्या संयुक्त संघाने वेस्ट इंडीजचा डावाने पराभव केला. त्या सामन्यात गोस्वामींनी 8 बळी घेतले. 1968-69 च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांनी 96 व 84 धावा केल्या. तथापि पहिल्या डावातील आघाडीवर मुंबई विजयी झाली. 1971-72 साली ते बंगालचे कर्णधार म्हणून पुनः अंतिम सामन्यात उतरले आणि पुनः मुंबईकडूनच हरले. कसोटी सामना त्यांच्या वाट्यास कधीच आला नाही.

आता डगरींचा प्रश्न. कोलकात्यात फुटबॉलचा भर पावसाळ्यात, क्रिकेटचा हिवाळ्यात. आपण एकाच वावरात खरिपास सोयाबीन आणि रब्बीस हरभरा घेतो. त्यास कोणी दोन डगरी म्हणत नाही. ज्या ऋतूत जे पेरावयाचे ते मन लावून पेरले, एवढेच.

परंतु ह्या चरित्रातील खरा धडा मुलांना नसून आम्हां वडिलांना आहे. एकदा पुढच्या रांगेत बसलेल्या मनुष्यास मागे बसणे जड जाते. एका कामात नाव झाले की, दुसरे काम शिकावयाची आम्हांस लाज वाटते. शिकताना आम्ही चुकू, आणि लोक ते पाहतील! ज्याने सुवर्णपदक मिळविले त्याने ही लाज धरिली नाही. दोनदा हरणेही पत्करिले. ह्या महोत्सवाच्या वर्षी आपणांतील प्रत्येक कर्त्या मनुष्याने एखादे काम तरी नवशिक्या होऊन आरंभावे, अशी आमची विनंती आहे. मुलांना मात्र दोन्ही खेळ खेळू द्यावे.