भूल आणि डोंगरमाथा

मोखाडा तालुक्यांतील सूर्यमाळ उंच डोंगराळ मुलुखांत वसलेली आहे. अशा ठिकाणीं बाळंतीण अडली, तर शस्त्रवैद्याइतकीच गरज भूल देणाऱ्या वैद्याची असते. १८४६ सालीं बोस्टन येथें मॉर्टन यांनीं ईथरची भूल जगास दाखविली. १८९८ मध्यें जर्मनींत बीअर यांनीं पाठीच्या कण्यांत औषध टोंचून कमरेखालचें अंग बधिर केलें. रोगी जागा, श्वास त्याचा त्याचा. सिझेरियनास आज हीच रीत बहुधा पसंत करतात. १९६२ सालीं सिद्ध झालेलें केटामाइन सहसा श्वास न दडपतां वेदना हरतें; जेथें साधनें तुटपुंजीं, तेथें त्याचें मोल थोर. मात्र औषध कितीही गुणकारी असो, तें जाणणारा हात वेळेवर न लाभल्यास माता व मूल दोघेंही संकटांत सांपडतात. म्हणून शास्त्राची खरी कसोटी प्रयोगशाळेंत नव्हे, डोंगरमाथ्यावर लागते.