गळ्यातला नंबर
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही एका फोटो काढणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहोत. जमिनीच्या शिबिरात फोटोवालीचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण ही गोष्ट जमिनीचीच आहे. आपली पत्रिका सायक्लोस्टाइलवर निघते, तिच्यात फोटो छापता येत नाही. म्हणून फोटोसुद्धा शब्दांतच सांगतो.

बाईचं नाव क्लाउडिया आन्दुजार. जन्म 1931 चा, स्वित्झर्लंड देशातला. लहानपण ट्रान्सिल्वेनियात गेलं. आई स्विस, वडील ज्यू. तेव्हा तिकडे हिटलरच्या नाझींचं राज्य पसरत होतं. ज्यू माणसाने छातीवर पिवळी चांदणी लावायची, असा हुकूम होता. चांदणी बघून माणूस ओळखायचा, धरायचा, छावणीत न्यायचा. 1944 साली क्लाउडियाचे वडील आणि त्यांच्याकडचे बहुतेक नातेवाईक असेच नेले आणि मारले. आई तिला घेऊन पळाली, म्हणून ती वाचली.

पुढे ती अमेरिकेत गेली आणि 1955 साली ब्राझीलला आली. तिथली भाषा येत नव्हती. मग कॅमेरा घेऊन ती माणसांत फिरू लागली. बोलता येत नव्हतं, तेव्हा फोटोतून ओळखी झाल्या. हळूहळू मासिकांसाठी फोटो काढणं हेच तिचं काम झालं.

1971 साली एका मासिकाच्या कामासाठी ती ॲमेझॉनच्या जंगलात यानोमामी आदिवासींकडे गेली. हे लोक ब्राझील आणि व्हेनेझुएला या दोन देशांच्या सीमेवरच्या जंगलात राहतात. मोठ्या गोल घरात अनेक कुटुंबं एकत्र, प्रत्येकाची चूल वेगळी, झोपायला झोळी. शिकार करायची, मासे धरायचे, केळी आणि कंद लावायचे.

दुसरा कुणी असता तर फोटो काढून निघून गेला असता. ती परत परत गेली. मासिकाचं काम सोडलं आणि महिनोन्महिने तिथेच राहिली. आमच्या समजुतीप्रमाणे तिच्या कामाचं मूळ यातच आहे. गोल घरात अंधार असतो, उजेड छपरातून थोडासा येतो. तेवढ्याच उजेडात तिने झोळीत पडलेली पोरं, म्हाताऱ्यांचे चेहरे टिपले. तिने लोकांना कागद आणि रंगीत पेनंही दिली. तुमचं जग तुम्हीच काढून दाखवा, म्हणाली. त्यांनी आपले देव, आपलं जंगल कागदावर काढलं.

1973 च्या सुमारास सरकारने त्या जंगलातून मोठा रस्ता काढायला घेतला. रस्त्याबरोबर मजूर आले, मजुरांबरोबर गोवर आणि फ्लू आला. यानोमामींच्या अंगात या रोगांची ताकद नव्हती. गावंच्या गावं आजारी पडली, पुष्कळ माणसं मेली. 1977 साली लष्करी सरकारने क्लाउडियाला त्या भागातून बाहेर काढलं. पण ती गप्प बसली नाही. 1978 साली सोबत्यांना घेऊन तिने एक समिती काढली. मागणी एकच: यानोमामींची जमीन अखंड आखून द्या, तुकडे करू नका.

आता त्या फोटोंकडे येऊ. 1980 नंतर ती डॉक्टरांना घेऊन लस टोचायला गावोगाव फिरली. कुणाला लस दिली, कुणाला राहिली, याची नोंद हवी. पण यानोमामी माणसाचं नाव तोंडावर घेत नाहीत, तो अपमान समजतात. मग प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची पाटी अडकवली आणि फोटो काढला. आई, कडेवरचं मूल, तरणा पोरगा, म्हातारा, सगळ्यांच्या गळ्यात नंबर. कुणी हसतंय, कुणी घाबरलंय, कुणी रोखून बघतंय.

हे फोटो पुढे प्रदर्शनात लागले, त्याचं पुस्तकही निघालं. तिने नाव दिलं 'खूण केलेले'. का? तर तिच्या वडिलांच्या लोकांवर खूण केली होती मरणासाठी. इथे तिनेच खूण केली, ती जगण्यासाठी. हे दोन्ही तिने लपवलं नाही, आपल्यापुढे ठेवलं.

1987 पासून सोनं शोधणारे हजारोंनी जंगलात घुसले. हिवताप आला, नदीत पारा आला. यानोमामींचे पुढारी दावी कोपेनावा देशोदेशी जाऊन बोलले, समितीने फोटो आणि पुरावे जगापुढे मांडले. शेवटी मे 1992 मध्ये सरकारने सुमारे 96 हजार चौरस किलोमीटर जमीन यानोमामींची म्हणून जाहीर केली. आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा! कागदावर मालकी केंद्र सरकारची, पण कायमचा ताबा आणि वापर यानोमामींचा, तोही सगळ्यांचा मिळून. तरी लढाई संपली नाही. पुढच्याच वर्षी हाशिमू गावच्या 16 जणांना सोनेवाल्यांनी मारलं. कागद मिळाला तरी राखण करावीच लागते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

अजून एक. यानोमामींत माणूस मेला की त्याच्या सगळ्या वस्तू नष्ट करतात, त्याची छबी मागे ठेवत नाहीत. असे लोक फोटो काढू देतात, जगाला दाखवू देतात, म्हणजे केवढी मोठी गोष्ट ते देतात! जमीन वाचावी म्हणून देतात.

आपल्या पाड्यांवर पण कॅमेरेवाले येतात. तारप्याचा नाच काढतात, डोक्यावर मोळी घेतलेली बाई काढतात आणि गाडीत बसून जातात. फोटो कुठे छापला, खाली काय लिहिलं, आपल्याला पत्ता नाही. यापुढे पाड्याने बसून तीन प्रश्न विचारावेत. फोटो कशासाठी? कोण बघणार? आम्हाला एक प्रत कधी देणार? उत्तर बरोबर असेल तर खुशाल उभे राहा. नसेल तर चहा पाजा आणि रवाना करा.

आणि जमिनीच्या दाव्याला फोटो लावायचा असेल तेव्हा नवरा-बायको दोघं उभे राहा, शेताच्या बांधावर, जुनं झाड मागे घेऊन. पाठीमागे नाव, पाडा, तारीख लिहा. एक प्रत घरात ठेवा. आपली खूण आपणच करू, आपल्या जमिनीसाठी.

जोहार! जिंदाबाद!